नायकाच्या ओट्यावरचा बिल्ला

१

"बाई, माझं लग्न मोडलं," म्हणत उज्ज्वला आमच्या अंगणात आली, तेव्हा मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो आणि आमची तुळसा पोह्यांना फोडणी देत होती. फोडणी करपली. गेल्या पस्तीस वर्षांत मी तुळसाच्या हातची फोडणी करपलेली पाहिली नव्हती, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला लगेच कळलं.

मी धर्मपाल. महागावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे गाडी उशिरा का आली हे मला माहीत नसायचं, पण उशिरा आली हे भोंग्यावरून सगळ्यांना सांगायचं काम माझं. तुळसाबाई माझी बायको. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली, पण "का?" विचारायची खोड काही निवृत्त झाली नाही. आता शाळेत पोरं नाहीत, म्हणून ती मला विचारते.

उज्ज्वला तिची लाडकी विद्यार्थिनी. फुलसावंगीच्या पलीकडं माळावर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या देवीलाल नायकाची, म्हणजे तांडाप्रमुखाची, ही मुलगी. शिकली, फुलसावंगीत कॉम्प्युटरचा क्लास काढला, आणि नेरकडच्या तांड्यातल्या शामशी तिचं लग्न ठरलं. पोरगा तिनंच पसंत केला होता. पत्रिका आमच्या फ्रीजवर लावलेली होती.

"आता नीट सांग," तुळसा म्हणाली. "कोणी मोडलं?"

"सासऱ्यानं. पूनमसिंगमामांनी काल संध्याकाळी फोन केला. म्हणाले, तुमच्या घराच्या भिंतीतून किरणं निघून राह्यले, अशा घरची पोरगी आमच्या घरात नको. उद्या दुपारी येऊन चार माणसांपुढं संबंध तोडतो म्हणाले."

या किरणांची गोष्ट आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. फुलसावंगीच्या माळावर 'मेघमाला' नावाच्या कंपनीला एक भलंमोठं केंद्र उभारायचं होतं. आपण फोनला प्रश्न विचारतो आणि तो पंडितासारखा उत्तर देतो ना, ते उत्तर म्हणे फोनमध्ये नसतं. कुठंतरी हजारो यंत्रं एका छपराखाली बसून ते तयार करतात. त्या यंत्रांना वीज लागते, आणि किती लागते हे ऐकलं तर माणसानं फोन बंद करून ठेवावा. ऊन संध्याकाळी जातं, वारा मनाचा राजा, आणि ही यंत्रं तर दिवसरात्र जागी. म्हणून कंपनीला केंद्राशेजारी स्वतःची छोटी अणुभट्टी हवी होती. अजून काहीच ठरलं नव्हतं. पण भट्टीचा नुसता विचार करायचा तरी आधी त्या मुलखात नैसर्गिक किरणं किती आहेत ते मोजावं लागतं. कारण किरणं दगडात, मातीत, सगळीकडंच थोडी असतात. म्हणून दिवाळीनंतर घराघरांत किरणं मोजणारा एकेक बिल्ला टांगला होता. होळीनंतर ते बिल्ले तपासायला गेले आणि परवा आकडे आले.

"आमच्या बिल्ल्याचा आकडा कैकपट जास्त आला," उज्ज्वला म्हणाली. "सगळ्या फोनवर फिरला तो. आता लोक आमच्या ओट्यावर बसत नाहीत."

"शेजारच्या घराचा आकडा?"

"बरोबर आहे, बाई. सगळ्या तांड्याचा बरोबर आहे. फक्त आमच्याच घराचा चुकला."

तुळसानं गॅस बंद केला, पदर खोचला आणि माझ्याकडं पाहिलं. "उठा. किरणं काही भिंत पाहून निघत नसतात. कोणीतरी काहीतरी केलं आहे."

२

बसमध्ये मी गुपचूप फोनमधल्या शहाण्याला सगळी हकिकत विचारली. त्यानं मोठ्या नम्रपणे सांगितलं की घराखाली युरेनियमचा साठा असण्याची दाट शक्यता आहे. मी ते तुळसाला वाचून दाखवलं.

"आपल्याकडं खाली काळा दगड आहे," ती म्हणाली. "काळ्या दगडात किरणं सगळ्यात कमी. त्याला सांगा, एकदा फुलसावंगीला येऊन पाह्य म्हणावं."

देवीलाल नायकाचं घर तांड्याच्या मधोमध आहे. नायक ओट्यावर एकटाच बसला होता, पांढरा फेटा, मिशीला पीळ, पण चेहरा उतरलेला. पायरीवर शीला बसली होती. ही कंपनीनं मोजणीसाठी नेमलेली पोरगी. बिल्ले तिनंच टांगले, आतल्या पट्ट्याही तिनंच काढून नेल्या. तिचे डोळे सुजले होते.

"जय सेवालाल, नायक," मी म्हणालो.

"जय भीम, साहेब. बसा. तुम्हाले भेव नसंन तर बसा."

तुळसा सरळ भिंतीला टेकून बसली आणि तिनं शीलाला जवळ बोलावलं. "घाबरू नको. बिल्ला दाखव."

आतली पट्टी तपासायला गेली होती, पण बाहेरची प्लास्टिकची डबी खिळ्यावरच होती. तुळसानं ती उतरवून उलटीपालटी केली. डबी स्वच्छ, चकचकीत होती. फक्त कडेला सुईनं पाडावीत तशी बारीक भोकं होती आणि एका भोकात लाल दोऱ्याचा तंतू अडकला होता.

"ही भोकं कंपनीचीच का?"

"नाही बाई," शीला म्हणाली. "मी देताना अशी नव्हती. पण मी सगळ्यांले बजावून सांगितलं होतं, हे लई महागाचं हाय, जिवापाड जपा, हरवू देऊ नका. कोणी भोकं कायले पाडंन?"

तुळसा उठली आणि शेजारच्या सुखीबाईच्या ओट्यावर गेली. सुखीबाई आधी बावरली, मग बिल्ल्याची डबी दाखवायला पुढं आली. ती डबी चुन्याच्या शिंतोड्यांनी भरली होती. तुळसानं ती बाजूला केली, तर मागं पांढऱ्या भिंतीत जुन्या निळ्या रंगाचा चौकोन राहून गेला होता.

"होळीच्या आंधी आम्ही सगळ्यायनं चुना मारला," सुखीबाई म्हणाली. "शीलाबाईनं सांगितलतं का हलवू नका, म्हून मी त्याच्या भोवतालून ब्रश फिरवला."

आम्ही आणखी दोन-तीन घरं पाहिली. सगळीकडं तेच. डबीवर शिंतोडे आणि मागं चौकोन. शीलाचं बोलणं लोकांनी इतकं मनावर घेतलं होतं की मला हसूच आलं.

मग तुळसा परत नायकाच्या ओट्यावर आली आणि खिळ्याखालच्या भिंतीवरून तिनं तळहात फिरवला. भिंत पांढरीशुभ्र होती. चौकोन नव्हता.

"नायक," ती म्हणाली, "चुना मारला तेव्हा तुमचा बिल्ला या भिंतीवर नव्हताच. तो फिरायला गेला होता."

३

"इंद्रजीत!" नायक ताडकन उठला. "त्याचंच काम असंन. दुसरं कोण?"

इंद्रजीत तांड्याच्या टोकाला राहतो. कंपनीविरुद्धच्या सगळ्या सभा त्याच्या, सगळ्या घोषणा त्याच्या. आकडा मोठा आला की कंपनी पळणार, हे त्याच्या फायद्याचंच होतं. शिवाय त्याचा एक चुलतभाऊ पुसदला एक्स-रे काढायच्या दुकानात कामाला असल्याचं नायकानं सांगितलं. मला तर प्रकरण तिथंच संपल्यासारखं वाटलं.

इंद्रजीत दारातच उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला लावून. पाहुण्यांना आत या म्हणायची तांड्यातली रीत आहे, पण हा काही बाजूला सरेना.

"बिल्ला नेला का रे तू?" तुळसानं सरळ विचारलं.

"मी? बाई, मी कायले नेऊ? मले भांडायचं असंन तर मी तोंडानं भांडतो, चोरी काहून करू?" तो तापला. "माह्यं म्हणणं साधं हाय. आमच्या मोटरीले रातची लाइन देता, रातभर शेतात जागाले लावता, अन त्या मशिनीले चोवीस तास वीज? ती मशीन काय कापूस पिकवते? पह्यले आम्हाले दिवसा वीज द्या, मंग तुमची भट्टी आणा. हे मी कोणापुढंबी म्हणंन. पण देवीलालकाकाच्या पोरीचं लगन मोडून मले कायचं सुख? उज्ज्वला माही बहीण लागते!"

बोलणं खरं वाटत होतं. पण माझी नजर खाली गेली. उंबऱ्याजवळ पॉलिश केलेले काळे बूट ठेवले होते, आणि इंद्रजीतच्या पायात तर चपला होत्या. मागं चुलीजवळ दोन ताटं घासून उपडी ठेवली होती. इंद्रजीत एकटाच राहतो.

"घरात कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही."

तेवढ्यात आतून कोणीतरी सणसणीत शिंकलं.

मी तर एक पाऊल पुढं टाकलंच होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एक आरोपी माझ्या हाताला लागत होता. पण तुळसानं माझी बाही धरली. ती बुटांकडं पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की माझं डोकंच फिरलं.

"ज्याला शिंक आली त्याला आल्याचा चहा दे," ती इंद्रजीतला म्हणाली. "आणि उद्या दुपारी दोघंही नायकाच्या ओट्यावर या."

"अगं, चोर घरात आहे!" वाटेत मी म्हणालो.

"चोर नाही. त्याचं कोडं वेगळं आहे, ते सुटलं. आपलं अजून बाकी आहे."

४

नायकाच्या घरी परतलो तर उज्ज्वलाची आई मोतीबाई चहा घेऊन आली. तुळसानं चहा घेतला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू केल्या. मला तिचा राग येत होता. पण बायकोच्या गप्पा कुठं वळतात ते आधी कळत नाही, हे मी नोकरीत असतानाच शिकलो होतो.

"भिंती छान झाल्या हो. चुना कोणी मारला?"

"म्याच," मोतीबाई म्हणाली. "सासूबाई गावाले गेलती तेव्हा उरकून टाकला. चुन्यानं तिले खोकला येते. ती अन तिची बहीण रुखमाबाई पोहरादेवीले गेलत्या."

"बिल्ला कुठं होता तेव्हा?"

"आता मले काय आठवते! भिंत मोकळी होती का नव्हती... ब्रश सरळ फिरला येवढं खरं."

"पोहरादेवीचा प्रसाद आणला असेल ना?"

"तेच तर!" मोतीबाईच्या मनात हे साचलेलं दिसलं. "देवीले जाऊन आली अन हातात प्रसाद नाही. म्हणे गाडीतच वाटला. असं कोणी करते काय?"

रुपीबाई, म्हणजे नायकाची आई, मागच्या पडवीत बसली होती. नातीच्या लग्नाची ओढणी भरत होती. आरसे, कवड्या, जुनी नाणी, एकाशेजारी एक टाचत होती. दोन वर्षांपूर्वी मी तिला पाहिलं तेव्हा ती काठीवर वाकून चालायची. दोन पावलं टाकली की कमरेला हात. आज आम्हाला पाहून ती उठली, ताठ चालत गेली आणि बसायला घोंगडी घेऊन आली. काठी कोपऱ्यात धूळ खात होती.

"देवीच्या कृपेनं कंबर बरी झाली वाटते," तुळसा म्हणाली.

"हो ना. याडीची कृपा," रुपीबाई घाईनं म्हणाली. याडी म्हणजे आई; देवीलाही ते तेच म्हणतात.

"दादी, तो बिल्ला कोणी नेला असेल?"

"कोणीच नाही नेला. म्या कोणाच्या हाती देलाच नाही. त्या पोरीनं सांगितलतं, जिवापाड जपा. म्या जपला." तिनं छातीवर हात ठेवला. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे असे नसतात.

तुळसा ओढणीवरचं काम न्याहाळत होती. "ही नाणी अशी टाचायची रीत कधीची हो?"

रुपीबाई खुलली. "लदेणीच्या काळची. आमचे लोक बैलायवर धान्य-मीठ लादून देशभर फिरत. चालत्या तांड्यात पेटी कुठली, कुलूप कुठलं? मोलाची चीज राह्यली का बाईनं आपल्या कपड्याले टाचायची. मंग चोर आला तरी बाईले धरल्याबिगर चीज नाही भेटत. माह्या आईनं मले तेच शिकवलं."

तुळसानं शीलाला हाक मारली. "त्या तपासणाऱ्यांना फोन लाव. तू मघाशी सांगितलंस ना, बिल्ल्यात तीन खिडक्या असतात? एक उघडी, एक प्लास्टिकखाली, एक धातूच्या पत्र्याखाली. तिन्हींचा वेगवेगळा आकडा विचार."

शीला फोन घेऊन अंगणात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहराच बदलला होता. "बाई, उघड्या खिडकीचा आकडा लई मोठा हाय, अन पत्र्याखालचा त्याच्या मानानं एकदम कमी! दगडातले किरण असते तर पत्र्यातून आरपार गेले असते. हे तर दवाखान्यातले किरण हाय. एक्स-रेवाले!"

तुळसानं कपाळाला हात लावला आणि मनापासून हसली. मग ती रुपीबाईजवळ सरकली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. म्हातारीच्या हातातली सुई थांबली.

"उद्या तुम्हीच सांगायचं," तुळसा म्हणाली. "मी नाही सांगणार."

"देवीलाल मारंन मले," रुपीबाई पुटपुटली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी पूनमसिंग आला. अंगानं धिप्पाड, आवाजानं त्याहून मोठा. सोबत भाऊबंद होते. सगळे कडुलिंबाखाली अंथरलेल्या सतरंज्यांवर बसले, पण नायकाच्या ओट्यापासून चांगलं अंतर राखून. उज्ज्वला आईच्या मागं उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिच्याकडं पाहवत नव्हतं.

"देवीलालभाऊ," पूनमसिंगनं सुरुवात केली, "दुश्मनी नाही. पण मले एकच पोरगा हाय. ज्या घरात किरणं—"

"थोडं थांबा," तुळसा उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशीच. "तोडायचं तर तोडा, पण आधी माझं ऐका. एक, या घराच्या दोन्ही बाजूंच्या घरांचे आकडे नेहमीसारखे आहेत. जमीन एक, दगड एक, विहीर एक. मग किरणं एकाच घरात कशी येतील? दोन, सगळ्या तांड्याच्या भिंतीवर बिल्ल्यामागं निळा चौकोन आहे, इथं नाही. म्हणजे चुना मारताना बिल्ला घरात नव्हता. तीन, बिल्ल्याला लागलेली किरणं जमिनीतली नाहीत, दवाखान्यातली आहेत. शीलानं काल खात्री केली."

"म्हणजे कोणी मुद्दाम नेऊन एक्स-रेखाली धरला!" पूनमसिंग म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना इंद्रजीतकडं वळल्या. तो झाडाला टेकून उभा होता. एकटाच.

"मुद्दाम करणाऱ्यानं तो चोरून नेला असता आणि घाईनं परत टांगला असता," तुळसा म्हणाली. "डबीला सुईची भोकं कशाला पाडली असती? चोर काही शिवत बसत नाही. बिल्ला कोणीतरी टाचला होता. आणि चुना मारला त्या दिवसांत घरातून फक्त दोन गोष्टी गायब होत्या. एक तो बिल्ला. दुसरी..." ती थांबली आणि मागं वळली. "रुपीबाई, या."

म्हातारी पुढं आली. ताठ. डोक्यावर पदर, हातात पांढरी पिशवी.

"म्या पोहरादेवीले गेलीच नव्हती," ती म्हणाली.

नायकाचं तोंड उघडंच राहिलं. "याडी?"

"चूप राह्य. कंबर मोडली होती माही. तू म्हणला, आता वय झालं, बसून राह्य. मी कायले बसू? माह्या नातीचं लगन हाय, अन दादी नाचणार नाही? रुखमाबाई म्हणली, पुसदले डाक्टर हाय. म्हणून दोघी गेलो. रुखमाच्या घरी राह्यलो. डाक्टरनं मले मोठ्या गोल मशिनीत, शीटी का काय म्हणते त्यात, झोपवलं, कमरेचा फोटू काढला. नंतर सुया देल्या, कसरत शिकवली." तिनं श्वास घेतला. "अन ते बिल्लं. पोरीनं सांगितलतं, जिवापाड जप. घरी कोण जपंन? मोती तर दूध उतू जाऊ देते. म्हणून म्या घागऱ्याच्या नेफ्यात आतून टाचलं अन संग नेलं. मशीनवाला पोरगा म्हणला, आजी, कमरेत काय हाय, काढा. म्या म्हणलं, मुंडकं काढ पण हे नाही काढत. तो हात जोडून म्हणला, बरं, ताईत असंन."

शीलानं तोंडावर हात दाबला. मोतीबाईला दुधाचं बोलणं लागलं होतं, पण तिलाही हसू आवरेना.

"घरी आली, उसवलं, खिळ्याले लावलं. म्या तर जपलं होतं! मले काय मालूम का त्यानं फोटूचे किरण पेऊन घेतले?"

तिनं पिशवीतून काळी फिल्म काढली आणि उन्हात धरली. आम्ही सगळे पुढं सरकलो. मणक्याची माळ दिसत होती, आणि तिच्या शेजारी स्वच्छ, पांढरा, बिल्ल्याएवढा चौकोन. मधल्या पत्र्याचा ठिपकासुद्धा दिसत होता.

पूनमसिंगनं ती फिल्म हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग त्यानं ती भावाच्या हातात दिली, फेटा सावरला आणि रुपीबाईच्या पाया पडला. "दादी, नाचासाठी येवढं केलं तुम्ही?"

"तुह्या पोराच्या लगनात नाचायचं होतं, बापू."

"मंग लगन ठरल्या दिवशीच!" पूनमसिंग गरजला, आणि तांड्यात एकच कल्ला झाला.

"थांबा," उज्ज्वला म्हणाली.

६

सगळे तिच्याकडं वळले.

"मले कोणी विचारलंच नाही," ती पुढं आली. "परवा एका आकड्यावर माझं लग्न मोडलं, आज एका फोटूवर जोडून राह्यले. उद्या आणखी काही आलं तर? मामा, तुमच्यावर माझा राग नाही, तुम्ही पोराचे बाप आहात. पण ज्याच्याशी माझं लग्न आहे तो कुठं आहे? परवापासून त्याचा फोन बंद आहे. ज्याले इतकंही धैर्य नाही त्याच्याशी मी लग्न नाही करत. खरंच नाही करत."

नायक खाली बसला. पूनमसिंग पुढं झाला. "पोरी, तो... तोबी घरी नाही. मी समजलो मित्राकडं रुसून गेला."

तुळसानं इंद्रजीतकडं पाहिलं. "तुझ्या पाहुण्याची सर्दी कशी आहे? मी दोघांना बोलावलं होतं."

इंद्रजीत एवढा ओशाळला की मलाच कीव आली. तो घराकडं धावला आणि हाताला धरून शामला घेऊन आला. साखरपुड्यात तुळसानं पाहिलेले तेच पॉलिशचे काळे बूट, चुरगळलेला शर्ट, लाल नाक. नेर ते फुलसावंगी त्यानं मोटरसायकलवर रात्रीच्या वाऱ्यात पार केलं होतं.

"हा कॉलेजातला माह्या रूमवरचा दोस्त," इंद्रजीत म्हणाला. "मामानं फोन केला त्याच दिवशी घरून निघून माह्याकडं आला. मले कसम घातली का सांगू नको. म्हणून मी..."

"कधी आलास?" उज्ज्वलानं विचारलं. "खरं सांग. बाईंनी शोधून काढलं तेव्हा की आधी?"

"आधी," शाम म्हणाला. "बाबानं फोन ठेवला अन मी गाडी काढली. आकडा खरा हाय का खोटा, मले काय माहीत होतं? म्हटलं, किरणं असतील तर असतील. तू तिथं राह्यतेस, मी काहून नाही राह्यणार? इथंच घर बांधू."

"मंग दारापर्यंत काहून नाही आला?"

"आलतो ना. काल सकाळी. तू मागच्या अंगणात मोतीमामीले सांगून राह्यली होती, त्या घरचं कोणी दिसलं तर मुसळानं हाणतो म्हणून. मुसळ हातात होतं."

आधी रुपीबाई हसली. मग मोतीबाई. मग सगळा तांडा. उज्ज्वलानं चेहरा कडक ठेवायचा फार प्रयत्न केला, पण तिचे खांदे हलू लागले आणि ती खाली बसून हसली, रडली, पुन्हा हसली. पूनमसिंग पोराच्या पाठीवर गुद्दे घालत होता आणि मधूनच त्याला मिठीत घेत होता. "मले न सांगता! माह्या पोराले माह्यापेक्षा जास्त अक्कल!"

लग्न ठरल्या दिवशीच झालं. रुपीबाई अशी नाचली की ढोलवाला थकून खाली बसला. शीला जेवायला आली होती, येताना नवे बिल्ले आणले होते आणि प्रत्येक घरी सांगत होती, "जपा, पण फक्त खिळ्यावर जपा." इंद्रजीतनं पंगतीत वाढता वाढता तिच्याशी दिवसाच्या विजेवरून तावातावानं वाद घातला, आणि तीही काही मागं हटली नाही. भट्टी येईल की नाही, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

निघायची वेळ झाली. बंजाऱ्यांकडं नवरी सासरी निघताना आपल्या माणसांच्या गळ्यात पडून ढावलो गाते. रडणं आणि गाणं एकच असतं ते. उज्ज्वला आईच्या गळ्यात पडली, बापाच्या, दादीच्या. प्रत्येकासाठी वेगळं गाणं, तिथंच जुळवलेलं. आम्ही दोघं पाहुण्यांत मागं उभे होतो, आमचं तिथं काय काम? तर ती गर्दीतून वाट काढत सरळ आमच्याकडं आली आणि तुळसाच्या गळ्यात पडून गाऊ लागली.

त्यांची गोरबोली आम्हाला कुठली कळायला! तुळसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरगी गेल्यावर तिनं मोतीबाईला विचारलं, "काय म्हणाली हो ती?"

मोतीबाईनं पदरानं डोळे पुसले. "म्हणली, एका याडीनं मले जन्म देला, अन दुसऱ्या याडीनं माह्यं घर वाचवलं. म्हणली, दिवाळीले पह्यले तुह्याच अंगणात येईन, याडी, दार उघडं ठेवजो."

आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं दुःख आम्ही कधी कोणाला सांगत बसलो नाही, एकमेकांनाही नाही. महागावपर्यंत तुळसा बसच्या खिडकीकडं तोंड करून बसली होती. उतरताना म्हणाली, "अहो, दिवाळीच्या आधी अंगणातली फरशी नीट करून घ्या. पोरगी येणार आहे."

मी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला.